तिसरं पाणी

"हाय अजून."

फवारणीच्या पंपाची नळी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, एक श्वास घ्यायचा आणि एवढंच म्हणायचं. मग पंप परत करायला आलेला शेतकरी कितीही मोठा असो, त्याला तो पुन्हा खांद्यावर घेऊन मागच्या खड्ड्याशी जावं लागे. "धुतला ना बाप्पा, दोनदा धुतला," तो कुरकुरायचा. "दोनदा धुतला म्हनूनच हाय अजून," हे त्यावर फिटरांचं ठरलेलं उत्तर.

ही गोष्ट पंचायत समित्या नव्या नव्या झाल्या तेव्हाची. अकोल्याच्या बाजूचा एक तालुका. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. मी अमरावतीचा, वकिलाच्या घरातला, कॉलेजात दोनदा आपटी खाऊन स्टोअरकीपर म्हणून तिथं चिकटलेला. माझ्या ताब्यात पत्र्याचं एक गोडाऊन, बियाण्याची पोती, औषधाचे डबे आणि पाठीवर घ्यायचे अठरा पंप. ते पंप दुरुस्त करणारे, धुणारे आणि कोणता द्यायचा, कोणता नाही हे खरं तर ठरवणारे गृहस्थ म्हणजे आमचे फिटर. त्यांना नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे 'फिटर' म्हणत. मी 'अरे फिटर' म्हणत असे. वयानं ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. आज लिहिताना 'ते' लिहितो आहे. तेव्हा हे सुचलं नाही.

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, खाकी अर्धी चड्डी, आणि धुण्याच्या सोड्यानं बोटांची टोकं कायम भेगाळलेली. बोलणं कमी. पण पंप धुण्याचा विषय निघाला की माणूस खुलायचा. नवीन शेतकऱ्याला ते उकिडवं बसवून समजावत, "पयल्या पान्यात औषध निंगते. दुसऱ्या पान्यात आपला आळस निंगते. तिसऱ्या पान्यात काय निंगते थे पाहा लागते."

विहिरीजवळ त्यांनी कधी कोणाला पंप धुऊ दिला नाही. गोडाऊनमागं स्वतः खड्डा खणला होता, त्यात चुनखडी टाकली होती, आणि सगळं पाणी तिथंच. एकदा एका गावच्या पाटलांच्या भाच्यानं पंप असा घासून आणला की टाकीत तोंड दिसावं. फिटरांनी टाकी एकदा फिरवून पाहिली, झाकण उघडलं, वास घेतला. "नवरदेव वरून सजला जी," ते म्हणाले, "आंग धुतलं नाही." भाचा हसला, आम्ही हसलो, आणि भाचा खड्ड्याकडे चालू लागला. दुसऱ्या एकाला लग्नघराला चुना मारायला पंप हवा होता. त्याला त्यांनी दाराबाहेरूनच परतवून लावला. तो साहेबांकडे गेला, साहेबांनी चिठ्ठी दिली, चिठ्ठी घेऊन तो आला, तर फिटर पंप उकलून बसलेले. सगळे भाग पोत्यावर मांडलेले. "घेऊन जा ना," म्हणाले, "सायेबानं दिला तर म्या कोन अडवनारा?" त्या सुट्या भागांतून पंप जोडणं तालुक्यात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याची कटकट सगळ्यांना नको असते आणि तो नसला की काम अडतं. आम्ही त्यांची मागून नक्कल करत असू. मी सगळ्यांत चांगली करत असे. नळीच्या जागी टाक नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, हाय अजून.

अठरा पंपांतल्या एकावर लाल पट्टा होता. त्याची हकीकत अशी की ज्वारीतलं तण मारायचं एक नवीन औषध प्रात्यक्षिकासाठी आलं होतं. ज्वारीला त्यानं काही होत नसे, पण रुंद पानाचं तण पिळवटून मरे. आणि पऱ्हाटी, म्हणजे आमच्याकडचं कपाशीचं झाड, शेवटी रुंद पानाचंच. प्रात्यक्षिक झालं, पाहुणे चहा पिऊन गेले. फिटरांनी तो पंप तीन पाण्यानं धुतला. मग सोडा भरून दिवसभर ठेवला आणि आणखी तीन पाण्यानं धुतला. नाकाला काहीच वास लागेना. तरी त्यांचं समाधान झालं नाही. गोडाऊनमागं एका गंजक्या डब्यात त्यांनी सरकीचं बी लावलेलं होतं, वीतभर झाड आलं होतं. शेवटचं पाणी त्यांनी त्या झाडावर फवारलं आणि रोज सकाळी आल्या आल्या आधी तिकडे जाऊ लागले.

पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. वरचं नवं पान आलं होतं, पण ते पान नव्हतंच. पऱ्हाटीच्या पानाचा रुंद पंजा कुठं गेला आणि कोंबडीच्या पायासारखी लांब, बारीक, मुरडलेली बोटं तेवढी राहिली होती. फिटर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. म्हणाले, "बाबू, हे नाकाले समजत नाही. पानालेच समजते. रबरात मुरलं हे."

नवी नळी त्यांनी तीनदा मागितली. अर्ज मीच लिहिला होता, नळी काही आली नाही. मग त्यांनी टाकीला बोटभर रुंदीचा लाल पट्टा मारला आणि तो पंप वेगळ्या खिळ्याला टांगला. "हा पऱ्हाटीत जाईन नाही," ते म्हणाले. "मी असेन तवा नाही, नसेन तवा नाही." त्या हंगामापासून डब्यांची एक ओळच झाली. ज्या पंपाची शंका येई त्याचं तिसरं पाणी एका डब्यातल्या झाडावर पडे आणि पाच दिवस पान पाहिल्याशिवाय तो पंप बाहेर जात नसे.

आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर हे चित्र खोटं होईल. फिटरांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता. आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता, त्यावर पितळी ओगराळं. फिटरांनी त्याला हात लावायचा नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. कायदा तर उलटाच होता. पण सहा वर्षांत त्यांनी लावला नाही आणि आम्हीही कधी 'घ्या' म्हटलं नाही. ते घरून बाटलीत पाणी आणत. आमच्या पंपातलं विष जायला किती पाणी लागतं हे ज्या माणसाला विचारायचं, त्यालाच आमच्या रांजणातलं पाणी घेता येत नव्हतं. मला यात त्या वेळी काही वावगं दिसलं नाही. मी वकिलाचा मुलगा.

पुढच्या वर्षी श्रावणात फिटरांची आई आजारी पडली. ते आठ दिवसांची रजा घेऊन गावी गेले. आणि त्याच आठवड्यात अमरावतीहून मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. आमच्या साहेबांनी गोडाऊनभोवती एक चक्कर मारली. डब्यांची ओळ पाहिली. "हा काय उकिरडा मांडला आहे? आणि पंप असे रंगीबेरंगी का? सगळे एका रंगात करा, ओळीनं नंबर घाला."

डबे मी शिपायाकरवी फेकून दिले. तिथं शाळेतून झेंडूच्या कुंड्या आणून मांडल्या. पंपांचा रंग मात्र स्वतः लावला, कारण शिपायाचा हात कापायचा आणि रंग ओघळायचा. एरवी इतकं नीट काम मी कधी केलं नसेल. पॉलिश कागदानं प्रत्येक टाकी घासली, लाल पट्टाही घासून पार पत्रा काढला, वर हिरव्या रंगाचे दोन हात. लाल पट्टा घासताना मला तो कशाचा आहे हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पंप मी ओळीत शेवटी ठेवला. वाळला की त्याला अठरा नंबर घालायचा, म्हणजे झालं. मग मी जेवायला गेलो. मागं वारा सुटला. धूळ बसू नये म्हणून शिपायानं सगळे पंप उचलून आत नेले. मी परत आलो तेव्हा ते पुन्हा बाहेर ओळीत उभे होते, सगळे हिरवेगार. शेवटी जो होता त्याला मी अठरा नंबर घातला.

शिपायाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. शेवटचा तो शेवटचाच असणार, असं मनाला सांगितलं. मोठे साहेब आले, झेंडू पाहून खूश झाले, गेले. दोन दिवस माझ्या हातांना टर्पेंटाइनचा वास येत होता.

फिटर आले तेव्हा कपाशीवर मावा पडला होता आणि पंपांसाठी दारात रांग होती. त्यांनी आधी गोडाऊनमागं जाऊन पाहिलं. मग आत येऊन हिरव्या ओळीसमोर उभे राहिले. एक नळी नाकाशी धरली. सगळीकडे रंगाचाच वास. ते माझ्या टेबलाशी आले.

"कोनं रंगवले?"

"शिपायानं," मी म्हणालो. "वरून हुकूम होता."

"लाल कोनता?"

"अठरा."

"नक्की, बाबू?"

माझे हात टेबलावर, रजिस्टरवर होते. त्यांनी एकदा हातांकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे. दारातली माणसं ओरडत होती. "नक्की," मी म्हणालो. "मी स्वतः उभं राहून शेवटी ठेवला होता."

अठरा नंबर उचलून त्यांनी जुन्या खिळ्याला टांगला. बाकीचे सतरा दुपारपर्यंत सतरा गावांना गेले.

पण सवय जात नाही. डबे नव्हते, म्हणून त्यांनी कुंपणालगतच्या शेतातलं एक पऱ्हाटीचं झाड धरलं, त्याला चिंधी बांधली आणि त्यावर अठरा नंबरचं तिसरं पाणी फवारलं. रोज सकाळी जाऊन पाहत. मला ते कुंपणाशी उभे दिसत. मला झोप नीट लागत नव्हती, पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी ते एक पान खुडून घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवलं. कोवळं, रुंद, पंजासारखं पसरलेलं सुरेख पान. एक क्षण मला बरंच वाटलं. झाडाला काही झालं नाही, एवढंच मला कळलं.

"अठरा साफ हाय, बाबू," ते म्हणाले.

मी पानाकडे पाहत राहिलो.

"मंग लाल कुठी हाय?"

इतका शांत प्रश्न मला पुन्हा कोणी विचारला नाही. मी म्हणालो, "मला वाटतं, शिपायानं उचलताना..." त्यांनी पुढचं ऐकलं नाही. सतरा गावांची यादी उतरवून मागितली. मी उतरवून दिली. ते म्हणाले, "आठ तुमी पाहा, नऊ मी पायतो. सायकल हाय तुमच्यापाशी." मी म्हणालो की ऑफिस सोडून मला जाता येणार नाही. त्यांनी मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावून पायी निघाले.

तीन दिवस ते शेतं पाहत फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांना ते वावर सापडलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची चार एकर पऱ्हाटी. शेंड्याशेंड्याला कोंबडीचे पाय. म्हातारा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून होता. कसला रोग आला हे त्याला समजत नव्हतं. फिटरांनी विचारलं, पंप कुठं आहे. तो शेजारच्या वावरात गेला होता, पाळी त्याची होती.

शेजारचा शेतकरी बादलीत औषध कालवत होता. फिटर म्हणाले, हा पंप मारू नका. तो म्हणाला, आठ दिवस वाट पाहिली, माव्यानं पानं काळी पडली, आता पाळी आली तर तू कोण सांगणारा. फिटरांनी त्याला कोंबडीचे पाय दाखवले. तो म्हणाला, ते त्याच्या कर्मानं झालं. आणि पंप पाठीवर घ्यायला वाकला. फिटरांनी पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली, टाकी आडवी पाडली आणि तिच्या बुडाला भोक पाडलं. एक नाही, तीन. मग ते तिथंच बसले आणि त्याला म्हणाले, "आता मार मले."

त्यानं मारलं नाही. तक्रार केली. फिटरानं सरकारी पंप फोडला, माझी पाळी बुडाली, माव्यानं कपाशी खाल्ली. सगळं खरं होतं. त्याची पाच एकर त्या दिवशी कोंबडीच्या पायांपासून वाचली हे त्याला कधी कळलं नाही. आणि म्हाताऱ्याच्या वावराचं गावानं आपलं कारण शोधलं. त्या पंपाला फिटराचा हात लागला होता ना, म्हणाले. महिन्याभरात दोन गावांहून मागणी आली की आम्हाला दुसऱ्या कोणाच्या हातचा धुतलेला पंप द्या.

साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. टेबलावर भोकं पडलेली हिरवी टाकी. फिटर उभे, मी उभा.

"हा लाल पंप होय, सायेब," फिटर म्हणाले.

"कुठं आहे लाल?" साहेब म्हणाले. टाकी फिरवून पाहिली. नंबर होता सात. मग माझ्याकडे वळले. "काय हो, लाल पंप म्हणून काही आहे का?"

या वाक्याचं उत्तर मी पुढं अनेक वर्षं वेगवेगळं देऊन पाहिलं आहे. त्या दिवशी दिलं ते असं: "रजिस्टरला सगळे पंप नंबरानंच आहेत, साहेब. रंगाची नोंद नाही."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फिटरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. अहवाल मीच लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. सरकारी मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस. पुढच्या आठवड्यात ते गेले. जाताना गोडाऊनमागचा खड्डा त्यांनी मातीनं बुजवला आणि वर दगड ठेवले, कोणाची गुरं तिथं चरू नयेत म्हणून.

त्यानंतर पंप शिपाई धुऊ लागला. एकाच पाण्यानं. कोणी नळी नाकाशी धरली नाही. त्यांची नक्कल मी पुन्हा केली नाही आणि कोणी करायलाही सांगितलं नाही.

माझी बदली झाली, लग्न झालं. ते मूर्तिजापूरकडे एका जिनिंगमध्ये लागल्याचं उडत उडत कानावर आलं. जायचं, जायचं म्हणत चार वर्षं घालवली. शेवटी एका रविवारी मूर्तिजापूरला छोट्या गाडीत बसलो, तिसऱ्या स्टेशनावर उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या घरी पोचलो. मातीचं, शेणानं सारवलेलं स्वच्छ घर. दारात त्यांची बायको होती. मी तालुक्याच्या ऑफिसातून आलो म्हटल्यावर तिनं बाज टाकली.

ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. "हात कापे जी त्यायचे," ती म्हणाली. "पयले छिन्नी धरवे ना, मंग गिलासबी धरवे ना. डाक्टर म्हने, कोनतं काम करत होते? म्या सांगतलं, पंप धुवत."

मग तिनं मला पाणी देण्यासाठी पितळी गिलास घेतला. थोडं पाणी घालून खळबळला, ओतला. पुन्हा खळबळला, ओतला. तिसऱ्यांदा खळबळला, नाकाशी नेला, आणि मग भरून माझ्यापुढं धरला. "त्यायची सवय," ती म्हणाली. "कोनालेबी तीन पान्याबिगर पानी देऊ देत नसत."

मी ते पाणी प्यालो. सहा वर्षांत मी त्या माणसाला आमच्या रांजणातलं एक ओगराळं दिलं नव्हतं. गाडीत घोकून ठेवलेलं वाक्य मी मग बोललो. म्हणालो, "बाई, रंग शिपायानं नाही, मी लावला होता. लाल पट्टा मी घासला. अठरा कोणता हे मला ठाऊक नव्हतं, तरी मी नक्की म्हणालो. साहेबांपुढंही बोललो नाही. त्यांची नोकरी माझ्यामुळं गेली."

ती समोर जमिनीवर बसली.

"मालूम होतं त्यायले," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"तुमीच रंगवले म्हून. बाबूच्या नखात हिरवा रंग होता, म्हने. म्या म्हनलं, मंग सायेबाले सांगतलं काहून नाही? त म्हने, नखं पायलीबी अन् तरी म्या त्याचं अठरा मानलं. पान पायल्याबिगर सतरा पंप जाऊ देले. थे चूक त्याची नाही, माही. थो म्हातारा धुऱ्यावर बसलेला दिसे त्यायले. शेवटालोक दिसे."

माझ्या हातातला रिकामा गिलास तिनं घेतला आणि दाराशी जाऊन पहिलं पाणी खळबळून टाकलं, दुसरं टाकलं. दाराजवळ एका गंजक्या डब्यात पऱ्हाटीचं एक झाड होतं, पानं रुंद, हिरवी. तिसरं पाणी तिनं त्याच्या बुडाशी ओतलं आणि गिलास उन्हात पालथा ठेवला.